मोरीजवळचा सपाट रस्ता

नवीन डांबरी रस्त्यावर गाडी गुळगुळीत चालू लागली की लोकांना बरं वाटतं. मला मात्र ती घटना आठवते. निवृत्त होऊन मी आता नागभीडला घरी असतो, सकाळी धानाच्या बांध्यांवरून चक्कर मारतो, कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. पण मुलगा गाडी चालवताना “बाबा, कसा मक्खन रस्ता झाला पाहा” म्हणाला, की माझी नजर पुढे मोरी कुठे आहे ते शोधू लागते. बायको म्हणते, तुमची ड्यूटी काही संपत नाही. तिचं खरं आहे.

त्या वेळी मी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. तारेचं कुंपण, वाळूच्या गोण्यांचे मोर्चे, आणि सकाळची हजेरी झाली की जवानांची एक तुकडी रस्ता तपासायला पायी निघायची. त्याला आम्ही रोड ओपनिंग म्हणायचो. ओढ्यावर पाइप टाकून केलेला छोटा पूल, म्हणजे मोरी, दिसली की तुकडी थांबायची. सुरुंग पेरायला त्याहून सोयीची जागा नाही. कुठे माती उकरलेली दिसते का, वायर डोकावते का, हे डोळ्यात तेल घालून पाहायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. तिथे नोकरी केलेल्या माणसाच्या अंगात हे इतकं मुरतं, की घरच्या लग्नातसुद्धा तो मंडपाच्या खड्ड्याकडे संशयानं बघतो.

आतल्या गावांकडे जाणारा डांबरी रस्ता तेव्हा पहिल्यांदाच होत होता. या कामावर एक चौकीदार होता. जवळच्याच गावचा, गोंड समाजातला, तिशीच्या आतबाहेरचा. यंत्रांवर लक्ष ठेवायचं आणि माती वाहणारा टिप्पर मागे घेताना शिट्टी मारून दिशा द्यायची, एवढं त्याचं काम. मोरीच्या दोन्ही तोंडांशी मातीचा भराव चालू असताना एका संध्याकाळी तो घरी पोचला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. आम्ही मिसिंग दाखल केली, वर्णन घेतलं, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला, कामावर जाऊन जबाब घेतले.

कामावरचा सुपरवायझर नागपूरकडचा. बारीक अंगाचा, हात जोडून बोलणारा, आपण गेलो की आधी खुर्ची पुसणारा. त्यानं मला बाजूला घेतलं.

“साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. पण त्याले भेटाले दोन अनोळखी माणसं यायची. जंगलाकडून. बाकी आपल्याले काय मालूम!”

झालं. आठवड्याच्या आत सगळ्या बाजारात एकच बोलणं सुरू झालं, “तो आत गेला.” आमच्याकडे ‘आत गेला’ म्हणजे नक्षल्यांच्या दलमला, त्यांच्या सशस्त्र तुकडीला, जाऊन मिळाला. एकदा हा शिक्का बसला की त्या घराचं काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पोलीस चौकशीला येतात, म्हणून शेजारी दूर सरकतात. धान रोवायला कुणी हात लावत नाही. ठाण्यातली पद्धत अशी, की बाजाराच्या दिवशी अशा घरच्या माणसाला गाठून विचारायचं, काही निरोप आला का, कुणी भेटलं का. आमचे जवान तिला भरबाजारात, मिरची-मिठाच्या दुकानांमध्ये उभं करून विचारायचे. ती प्रत्येक वेळी तेच सांगायची, आणि मग चालत ठाण्यापर्यंत येऊन मलाही सांगायची.

“माहा नवरा जंगलात नाई गेला साहेब. जायाचं असतं तर मले सांगतलं असतं.”

“बाई, असं सांगून कोणी जात नाही.”

“तो जाये. कुठीबी जाये तर सांगून जाये. कुरखेड्याले गेला तरी सांगे.”

वरून माझ्याकडे अहवाल मागितला होता. मी ‘दलममध्ये सामील झाल्याचा संशय’ असं लिहून सही केली की तो माणूस सरकारच्या लेखी नक्षलवादी. मग तो दिसला तर गोळी, आणि नाही दिसला तर ती बाई जन्मभर त्याच्या नावाचा जाब देत राहणार. मी अहवाल लांबवत होतो. कारण विचाराल तर तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं. फक्त तिचं ते ‘सांगून जाये’ डोक्यातून जात नव्हतं.

मध्ये बरेच महिने गेले. रस्त्यावर गिट्टी पडली, उन्हाळ्यात डांबर पडलं. काम संपत आलं तेव्हा आमच्या हवालदारानं खबर आणली. हा हवालदार त्याच भागातला, गोंडी अस्खलित बोलणारा, पोट सुटलेला आणि जिभेला हाड नसलेला. मी त्याला भाऊ म्हणायचो, आणि तो मला सल्ले द्यायचा.

“साहेब, मोहफुलं वेचणारी एक म्हातारी सांगून राह्यली. त्या मोठ्या ओढ्याच्या मोरीजवळ सुपरवायझर रोज येते म्हणे. लोखंडाची लांब पट्टी रस्त्यावर ठेवते, वाकून पाह्यते, मग डांबर टाकून रोलर फिरवते. पुन्हा पट्टी ठेवते. बाकी रस्त्याले त्यानं हात नाई लावला. तिले वाटलं, मंत्र-तंत्र करून राह्यला.”

“बरं मग?”

“मले वाटते साहेब, पैसे खाऊन नक्षल्यांले जागा करून देत असंल. सुरुंगासाठी.”

माझेही कान टवकारले. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन दिवसांनी रस्त्याच्या सपाटीची चाचणी आहे, प्रयोगशाळेतून इंजिनिअर येणार आहेत. मी कुणाला काही बोललो नाही. बंदोबस्त म्हणून स्वतः तुकडी घेऊन त्यांच्याबरोबर निघालो.

इंजिनिअर म्हणजे एक तरुण मॅडम होत्या. टोपी, बूट, कपाळावर घाम, आणि कामात असं लक्ष की आमच्या बंदुकांकडेही त्यांनी फारसं पाहिलं नाही. त्यांची माणसं तीन मीटरची लोखंडी पट्टी डांबरावर आडवी ठेवायची, मॅडम गुडघ्यावर बसून खालून पाहायच्या, खडूनं खूण करायच्या आणि पुढे. हवालदाराला राहवेना.

“मॅडम, ह्या पट्टीनं काय कळते? रस्ता तर मस्त दिसून राह्यला.”

“डोळ्यांना दिसतो हो. पट्टी अगदी सरळ आहे. तिच्याखालून उजेड दिसला की तिथे रस्ता खोलगट. मग ही पाचर सरकवायची आणि किती खोल ते वाचायचं.”

“अन् लय खोल निघालं तं?”

“तर तेवढा भाग उकरायचा आणि पुन्हा करायचा. नियमच आहे.”

सुपरवायझर शेजारीच उभा होता. ‘उकरायचा’ म्हटल्यावर त्यानं तोंड फिरवून उगाच रोलरवाल्याला हाक मारली. मी ते पाहून ठेवलं.

रस्ता तसा साधारणच निघाला. जिथे जिथे मोरी आली तिथे तिथे खडूच्या खुणा पडल्या. मॅडमनी मला समजावलं, की मोरी पक्की असते आणि तिच्या तोंडाशी मातीचा भराव असतो. भराव थोडा तरी बसतोच, म्हणून रस्ता आधी तिथे खचतो. सुपरवायझर प्रत्येक खुणेला “करून टाकू मॅडम, करून टाकू” म्हणत होता. त्याला त्या खुणांचं काडीचंही दुःख नव्हतं.

मग तो मोठा ओढा आला.

मॅडमनी मोरीच्या तोंडाशी पट्टी ठेवली. वाकल्या. पट्टी फिरवून रस्त्याच्या लांबीत ठेवली, परत वाकल्या, गाल जवळजवळ डांबराला टेकवला. थोडी सरकवून पुन्हा पाहिलं. मग तशाच मांडी घालून बसल्या.

“सर, मला हे बरोबर वाटत नाहीये.”

“खोल आहे?”

“नाही ना! कुठेच उजेड नाही. मागच्या सगळ्या मोऱ्यांपाशी रस्ता बसलाय, तुमच्या समोरच मोजला. मग इथेच कसा बसला नाही? इथेही बसला होता. कोणीतरी मागाहून हातानं भरून, रोलर फिरवून परत सारखा केलाय. हा बघा, कडेला जोड दिसतोय.”

मोरीचं तोंड, आणि मागाहून हात लावलेली जागा. माझ्या नोकरीत या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्याचा अर्थ एकच होता. आणि ती पोर त्याच जागेवर मांडी घालून बसली होती.

“सगळे मागे!” मी ओरडलो. “मॅडम, पट्टी तिथेच राहू द्या. हात लावू नका. आल्या वाटेनं मागे या. सावकाश.”

सांगितलं तसं त्या उठल्या आणि मागे आल्या. एकच पळापळ झाली. मजुरांनी घमेली टाकली, रोलरवाल्यानं उडी मारताना चप्पल सोडली, आमचा हवालदार एवढं पोट घेऊन सगळ्यांच्या पुढे पळाला. जवानांनी दोन्ही बाजूंनी पोझिशन घेतली. मी एका सागाच्या बुंध्यामागे जाऊन वळून पाहिलं.

सुपरवायझर जागचा हलला नव्हता. तो त्या सपाट तुकड्याच्या बरोबर मधोमध उभा होता.

“अहो साहेब, कायले घाबरता? इथी काही नाई! हे पाहा!” असं म्हणत त्यानं चक्क पाय आपटून दाखवला. “या मॅडम, या. पुढचं करू.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस या भागात वर्षानुवर्षं कामं करत होता. सुरुंगानं गाडीचं काय होतं ते त्यानं पाहिलेलं होतं. मोरीजवळ उकरलेली जागा म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसायला हवी होती. ती बसली नाही, कारण खाली सुरुंग नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि खाली काय नाही हे ज्याला इतकं पक्कं ठाऊक असतं, त्याला खाली काय आहे हेही ठाऊक असतं. त्याच क्षणी मला ती बाई आठवली, आणि तिचं ते ‘सांगून जाये’.

पद्धत म्हणून बॉम्ब शोधक पथक बोलावलं. त्यांनी यंत्र फिरवलं, कुत्रं फिरवलं. कुत्रं स्फोटकांच्या वासावर शिकवलेलं. ते शेपूट हलवत परत आलं. जागा साफ. सुपरवायझरनं माझ्याकडे पाहून हात जोडले, “मी म्हणतच होतो साहेब.”

मी वरिष्ठांना फोन लावला आणि रस्ता खोदायची परवानगी मागितली.

“सुरुंग आहे का?”

“नाही सर.”

“मग खोदता कशाला? लोकार्पण तोंडावर आलंय. खोदलं आणि काही निघालं नाही, तर तुमची खैर नाही.”

“सर, आज संध्याकाळपर्यंत मला त्या सुपरवायझरशी बोलू द्या. मग ठरवा.”

“संध्याकाळपर्यंत,” एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सुपरवायझरला जबाबासाठी ठाण्यात आणलं. खुर्ची दिली, चहा दिला. माझा अनुभव असा, की घाबरलेला माणूस दमदाटीनं आणखी मिटतो आणि आपल्या कामाविषयी विचारलं की सुटतो. मी चौकीदाराचं नावही काढलं नाही.

“मोरीजवळचं काम फार सुंदर केलंत हो.”

“आपलं कामच तसं आहे साहेब. मोरीजवळ रस्ता बसते, म्हणून काळजी घेतली.”

“बाकीच्या मोऱ्यांपाशी का नाही घेतली?”

“टाइम नाई भेटला.”

“रोज त्याच एका जागेला वेळ मिळाला?”

तो चहाकडे बघू लागला. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

“बरं, ते सोडा,” मी म्हणालो. “सकाळी सगळे पळाले. मी पळालो, माझे जवान पळाले. तुम्ही काऊन नाही पळाले?”

“मी नाई घाबरत साहेब असल्या गोष्टीले.”

त्याच वेळी मागे काय झालं कुणास ठाऊक, हवालदाराच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. सुपरवायझर खुर्चीतून असा उडाला की चहा माझ्या टेबलावर सांडला. हवालदारानं शांतपणे ताट उचललं.

“नाई घाबरत म्हणे,” तो पुटपुटला आणि बाहेर गेला.

मी टेबल पुसलं. मग खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसलो आणि हळू आवाजात विचारलं, “खोदावं लागू नये म्हणून सपाट केलंत ना? खोलगट निघालं असतं तर मॅडमनी नियमाप्रमाणे उकरायला लावलं असतं. खाली कोण आहे?”

मी ‘काय आहे’ विचारलं नाही, ‘कोण आहे’ विचारलं. आधी नुसतं ततपप, मग हुंदका, आणि मग सगळं बाहेर आलं. त्या संध्याकाळी भराव टाकताना टिप्पर मागे येत होता. चौकीदार मागे उभा राहून शिट्टी मारत होता. ड्रायव्हरनं गाणी मोठ्यानं लावली होती, त्याला ऐकू गेलं नाही. माणूस जागीच गेला. सुपरवायझर आणि ड्रायव्हर दोघंच तिथे होते. गावाला कळलं तर गाड्या पेटतील, काम बंद पडेल, या भीतीनं दोघांनी त्याला भरावातच पुरलं आणि वर माती ओढली. ड्रायव्हर आपल्या गावी पळाला. त्याला आम्ही नंतर आणलं. वर डांबर पडलं, आणि मग ती जागा बाकीच्या मोऱ्यांपेक्षा जास्तच बसू लागली. भरली की पुन्हा बसायची.

“मी मारलं नाई साहेब त्याले. देवाशपथ, अपघात होता.”

“अपघात होता,” मी म्हणालो. माझा आवाज आता चढला होता, आणि मला तो आवरायचा नव्हता. “पण दोन अनोळखी माणसं भेटायला येतात, तो आत गेला, हे मला कुणी सांगितलं? तोही अपघात होता का रे?”

तो मान खाली घालून बोलला ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

“तसं सांगतलं की कोणी पुढं विचारत नाई साहेब.”

माझा हात उठला होता. तो मी खाली आणला, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्या भागात खरंच कोणी पुढे विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायब तहसीलदार, पंच आणि डॉक्टर यांच्या समक्ष रस्ता फोडला. मॅडमही थांबल्या होत्या. हवालदारानं त्या बाईला आणलं, तिच्या गावचे चार-दोन लोकही अंतर ठेवून मागे आले. जेसीबीनं डांबर आणि गिट्टी काढली, पुढे मजुरांनी फावड्यानं माती ओढली. माझ्या मनात एकच विचार घोळत होता, की काही निघालं नाही तर माझं जे व्हायचं ते होवो, पण या बाईला मी काय तोंड दाखवू?

मग एका मजुरानं फावडं बाजूला ठेवलं आणि हातानं माती सारली.

हाडं, कपड्याच्या चिंध्या, आणि गळ्याशी एक लोखंडी शिट्टी. शिट्टीला सुताचा गुंफलेला गोफ होता, मातीनं काळा पडलेला. पुढे रक्ताचे नमुने, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं रीतसर झालं. पण ओळख तिथेच पटली. ती बाई खाली बसली, गोफाला बोट लावलं.

“हा म्याच गुंफला,” ती म्हणाली. “दोरी हरवते म्हणे. म्हणून गुंफून देल्ला.”

मॅडम तोंडावर ओढणी धरून गाडीमागे गेल्या. ती बाई रडली नाही. पंचनामा होईपर्यंत बसून राहिली. मग उठून माझ्यासमोर आली.

“साहेब, आता तुमी सांगा.”

“काय सांगू, बाई?”

“तो जंगलात नाई गेला म्हणून. बाजारात सांगा. तुमच्या लोकाईनं मले बाजारातच विचारलं होतं, समद्याईच्या पुढं. आता समद्याईच्या पुढंच सांगा.”

पोलीस खात्यात याला काही तरतूद नाही. मी वर विचारलंही नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेशात गेलो, डोक्यावर टोपी घालून. मिरची-मिठाच्या दुकानांपाशी, जिथे तिला उभं करायचे, तिथेच उभा राहिलो. ती आणि तिच्या गावचे लोक बाजूला होते. मी त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव मोठ्यानं घेतलं.

“हा माणूस जंगलात गेला नव्हता,” मी म्हणालो. “कोणत्या दलमले मिळाला नव्हता. तो आपल्या कामावर उभा होता, शिट्टी वाजवून राह्यला होता, अन् तिथंच मेला. पोलिसाईले खोटं सांगतलं गेलं होतं. खरं हे आहे.”

हवालदारानं तेच गोंडीत सांगितलं. बाजार पूर्ण थांबला होता. एका तराजूचं पारडं तेवढं हलत होतं. मग मोहफुलं वेचणारी ती म्हातारी गर्दीतून पुढे आली आणि त्या बाईचा हात धरून उभी राहिली. तिच्यामागे आणखी बाया आल्या. तेव्हा कुठे ती रडली, आणि इतकी मोठ्यानं रडली की मला टोपी सावरायचं निमित्त करून दुसरीकडे बघावं लागलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पुढच्या सगळ्या नोकरीत, कुणी ‘तो आत गेला’ म्हणालं की मी खुर्चीतून उठायचो आणि पहिला प्रश्न करायचो, तुला हे कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? हाताखालची माणसं वैतागायची. पण ज्या उत्तरावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं, त्यावर मी पुढेही कधी सही केली नाही. पट्टीखालून उजेड दिसतो तिथे काय करायचं ते कोणालाही कळतं. उजेड दिसत नाही तिथे गुडघे टेकून बसणं मी त्या मॅडमकडून शिकलो.

बदली होण्यापूर्वी मी त्या गावात गेलो होतो. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. जुन्या दगडांच्या ओळीत एक नवा दगड दिसला. जो बेपत्ता आहे, जो आत गेला आहे, त्याला त्या ओळीत जागा मिळत नाही. दगडाला शिट्टी बांधलेली होती, गोफ धुऊन स्वच्छ केलेला.

ती बाई धान रोवून येत होती, सोबत चार-पाच बाया, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मला पाहून थांबली. मी दगडाकडे पाहत होतो, तीही पाहू लागली.

“इथीच आहे साहेब,” ती म्हणाली. “न सांगता कुठी नाई गेला.”